मिर्झा ते मौलवी

सरकारी नकाशा बदलला की सिनेमाच्या धंद्याचा नकाशाही बदलतोच असं नाही. 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' हे नाव १९५० साली सरकारी कागदांतून गेलं. १९५६ साली नागपूरचं राजधानीपद गेलं, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घाटाखालचा मराठी मुलूख, म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा, त्या जिल्ह्यासोबत पलीकडे गेला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. एवढ्या उलथापालथीनंतरही चित्रपट वितरकांच्या बोलण्यात 'सी.पी.-बेरार' हा शब्द जिवंत आहे. कोणता चित्रपट कोणत्या भागात कोण लावणार, याचे व्यवहार त्या जुन्या नावानेच होत आले आणि भुसावळ, अमरावती ही त्या व्यवहारांची ठाणी होती.

या नकाशाची आठवण एका नटासाठी काढली आहे. गजानन जागीरदार यांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावतीत झाला. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीमार्गे निघालं की पुढे लागतं ते हे गाव, त्यामुळे सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला ते परकं नाही. जागीरदारांच्या जन्माच्या अवघ्या चार वर्षं आधी, १९०३ साली, वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. तिथून पुढे अमरावती आणि सौंसर एकाच प्रांतात होते. या प्रांताचं वैशिष्ट्य असं, की त्याला एक भाषा नव्हती. नागपूर-वऱ्हाडकडे मराठी होती आणि जबलपूर-रायपूरकडे हिंदी. त्यात वऱ्हाडवर निजामाच्या सत्तेचा जुना ठसा होता. एलिचपूर हे एके काळचं सुभ्याचं गाव, म्हणून उर्दूही कानावर पडायची. सौंसरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्हींची सरमिसळ, हे त्याचं रोजचंच आहे.

बोलपटांच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत अशा माणसाला एकाएकी मोल आलं. का आलं, हे कळण्यासाठी स्टुडिओचा हिशेब पाहावा लागतो.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे कारागीर-कलावंत आणि भांडवलासाठी सीतारामपंत कुलकर्णी, असे पाच भागीदार होते. मूकपटांच्या काळात भाषेचा प्रश्न नव्हता. पडद्यावरच्या पाट्या बदलल्या की चित्रपट कुठेही चालायचा. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि हे सगळं उलटलं. नट बोलू लागला म्हणजे तो एका भाषेचा झाला. मराठी बोलणारा मुलूख मोठा असला तरी मोठ्या खर्चाचे पौराणिक-ऐतिहासिक चित्रपट तेवढ्या प्रेक्षकांवर भागत नव्हते. मग प्रभातने तोडगा काढला तो असा: सेट एकदाच उभारायचा, कपडे एकदाच शिवायचे, दिवे एकदाच लावायचे आणि प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित करायचा, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा पहिला बोलपट असाच दोन भाषांत निघाला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती आणि बाबूराव पेंढारकर गंगानाथ, हीच मंडळी दोन्हींकडे होती.

पुढे अडचण आली ती उच्चारांची. तेव्हा आवाज चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचा. नंतर दुसऱ्या कुणाकडून बोलून घेण्याची सोय नव्हती. मराठी नाटकमंडळींत वाढलेल्या नटाची हिंदी ऐकून लाहोर-दिल्लीचा प्रेक्षक हसला, तर चित्रपट पडलाच. म्हणून काही भूमिकांसाठी माणसं बदलावी लागत. १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरू हिंदीत चंद्रमोहन यांनी केला आणि मराठीत केशवराव दाते यांनी. चंद्रमोहनच्या डोळ्यांची ख्याती त्या एका चित्रपटाने देशभर झाली. तोच प्रसंग त्याच दिव्यांखाली मराठीत करणाऱ्या दात्यांकडे हिंदी मुलखाने पाहिलंही नाही. दोन आवृत्त्यांच्या या पद्धतीत नटाचं नशीब असं भाषेवर बेतलेलं होतं. ज्याला दोन्ही जमायचं तो दोन्हींकडे टिकायचा. बाकीच्यांना अर्धा देश मिळायचा.

ही गोष्ट कोल्हापूरहून पुण्याला हललेल्या एकट्या प्रभातमध्ये घडत होती असं नाही. हंगेरीकडे पाहिलं तर हाच खेळ उलट्या बाजूने दिसतो. मूकपटांच्या काळात बुडापेस्ट आणि कोलोझव्हार इथले नट रंगभूमीवरून सरळ पडद्यावर आले. कोलोझव्हारमध्ये येनो यानोविच या नाट्यगृहाच्या चालकाने आपल्याच नटांना घेऊन चित्रपट काढले. त्या काळातल्या नटांना सीमा अडवत नव्हत्या. मिहाय वार्कोनी हॉलिवूडला गेला, व्हिक्टर वार्कोनी झाला आणि सेसिल डिमिलच्या १९२७ सालच्या 'किंग ऑफ किंग्ज'मध्ये त्याने पाँटियस पायलेट केला. मग आवाज आला आणि हंगेरियन माणसाचे उच्चार त्याच्या कपाळावर लिहिल्यासारखे झाले. बेला लुगोसी १९१९ साली हंगेरी सोडून गेलेला नट. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ने त्याला जगप्रसिद्ध केलं आणि त्याच उच्चारांनी त्याला जन्मभर भुताखेतांच्या भूमिकांत डांबून ठेवलं. सोके साकाल हा गुबगुबीत विनोदी नट शेवटी 'कॅसाब्लांका'तला प्रेमळ वेटर म्हणून जगाला आठवतो. ग्युला काबोश तर आपल्या देशात सर्वांत लाडका विनोदी नट होता. १९३१ सालच्या 'हिप्पोलित' या बोलपटाने त्याला घरोघरी पोहोचवलं होतं. तो चित्रपटही हंगेरियन आणि जर्मन अशा दोन आवृत्त्यांत निघाला होता. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांनी काबोशचं काम हिरावलं, तो अमेरिकेला गेला आणि १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. इंग्रजीत त्याचं काही जमलं नाही. लहान भाषेतल्या नटासाठी बोलपट हे बहुधा कुंपण ठरलं.

जागीरदारांसाठी तेच दार ठरलं. त्याच १९४१ साली प्रभातचा 'शेजारी' आला.

कथा विश्राम बेडेकरांची होती. तेही अमरावतीचेच, १९०६ साली जन्मलेले, म्हणजे जागीरदारांहून वर्षभराने मोठे. 'रणांगण' ही त्यांची कादंबरी दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाली होती. दोन धर्मांच्या शेजाऱ्यांची कथा लिहिणारा आणि त्यांतला मुसलमान शेजारी उभा करणारा, हे दोघेही एकाच वऱ्हाडी गावात जन्मले, याकडे आजवर कुणी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. पण तो माझा तर्क आहे आणि वाचकाने तो तर्क म्हणूनच घ्यावा.

'शेजारी'त एक खेडं आहे. तिथे जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वयस्क मित्र राहतात. गावात त्यांचा शब्द चालतो. दोघे बुद्धिबळ खेळतात आणि भांडणं झाली तर ती त्या पटापुरतीच. मग ओंकार नावाचा कारखानदार येतो. त्याला धरण बांधायचं आहे आणि त्यासाठी गावची जमीन हवी आहे. हे दोघे एकत्र आहेत तोवर जमीन मिळणार नाही, हे त्याच्या लक्षात येतं. तो संशय पेरतो. पंचायतीपुढे प्रकरण उभं राहतं, मैत्री तुटते आणि गाव फुटतं. शेवटी धरण कोसळतं त्या लोंढ्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात. धरण फुटण्याचा तो प्रसंग तांत्रिक करामत म्हणून तेव्हा फार गाजला. व्ही. शांताराम यांचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट. त्यानंतर त्यांनी कंपनी सोडली आणि मुंबईत 'राजकमल' उभी केली.

हिंदी आवृत्तीचं नाव 'पडोसी'. तिच्यात जिवबा पाटलाच्या जागी ठाकूर आहे आणि तो मझहर खान यांनी केला. मराठीतला जिवबा केशवराव दाते यांचा. मिर्झा मात्र दोन्हींकडे एकच, गजानन जागीरदार. म्हणजे हिंदी चित्रपटात मुसलमान नट हिंदू ठाकूर झाला आणि हिंदू नट मुसलमान मिर्झा झाला. शांतारामांनी ही अदलाबदल मुद्दाम केली हे उघड आहे आणि तिचं कौतुक बरंच झालं आहे. वेगळ्या मुस्लिम राष्ट्राची मागणी करणाऱ्या लाहोरच्या ठरावाला तेव्हा वर्षच झालं होतं, हे ध्यानात घेतलं की त्या निवडीचं धाडसही कळतं.

पण नटाच्या बाजूने पाहिलं तर कामाची गंमत वेगळीच आहे. दाते १८८९ साली जन्मलेले. 'शेजारी'च्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते. महाराष्ट्र नाटक मंडळीत घडलेले आणि 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मधून नव्या, संयमी अभिनयाकडे वळलेले कसलेले नट. जागीरदार चौतिशीत होते. मझहर खानही साधारण तेवढेच. म्हणजे मराठीत जागीरदारांना खऱ्या वयाच्या, दात्यांसारख्या मुरलेल्या माणसासमोर खोटं म्हातारपण वागवायचं होतं आणि हिंदीत दोन तरुणांनी मिळून दोन म्हातारे रंगवायचे होते. समोरचा माणूस बदलला की बुद्धिबळाच्या पटावरच्या मैत्रीचा वेग बदलतो, बोलण्यातली थांबण्याची जागा बदलते. 'शेजारी'तला मिर्झा दात्यांच्या संथ लयीला धरून चालतो. 'पडोसी'त मझहर खानचा ठाकूर जास्त भरदार आहे, तिथे मिर्झाही थोडा मोकळा होतो. एकच भूमिका, एकच सेट, एकच नट, तरी दोन माणसं. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाला हा अनुभव असतो. सौंसरचा शेतकरी नागपूरच्या व्यापाऱ्याशी मराठीत घासाघीस करताना आणि तहसिलात हिंदीत अर्ज देताना एकाच आवाजात बोलत नाही.

तरुण वयात म्हातारा करण्याची सवय जागीरदारांना पुढे सुटलीच नाही. क्रेपची दाढी स्पिरिट गमने चिकटवून तासन् तास दिव्यांखाली बसणं हा भाग सोपा. दाढी पांढरी केली म्हणून म्हातारा दिसत नाही, हे आपल्याकडच्या शंभर ऐतिहासिक चित्रपटांनी सिद्ध केलं आहे. त्या वेळचे बरेच नट नाटकाच्या सवयीने आवाज कापरा करत आणि पाठ वाकवत. जागीरदारांचा मिर्झा फारसा वाकलेला नाही. त्याचं वय दिसतं ते घाई न करण्यात. आपलं म्हणणं लोक ऐकतील याची खात्री असलेला माणूस आवाज चढवत नाही. ती खात्री हळूहळू सुटत जाते तसा मिर्झा थकत जातो.

यानंतर तीन वर्षांनी त्यांना पूर्ण चित्रपट खांद्यावर घेण्याजोगी भूमिका मिळाली, तीही नायकाची म्हणता येणार नाही अशी. 'रामशास्त्री', १९४४. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनाचं मूळ खुद्द रघुनाथरावांपर्यंत जातं, असा निर्वाळा देऊन त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा आणि मग पुणं सोडून जाणारा हा माणूस मराठी मुलांना शाळेपासून ठाऊक असतो. ठाऊक असलेल्या माणसाची भूमिका करणं सर्वांत कठीण, कारण प्रेक्षक तो आधीच मनात रंगवून आलेला असतो.

तो चित्रपट बनताना प्रभातचे वाईट दिवस सुरू झाले होते. शांताराम गेले होते. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होतं. दिग्दर्शनाचं काम राजा नेने, विश्राम बेडेकर आणि जागीरदार अशा तिघांच्या हातून गेलं. अशा चित्रपटाचं बहुतेक वेळा काय होतं ते आपण जाणतो. इथे ते झालं नाही. सुरुवातीचा बालपणाचा भाग अनंत मराठे आणि बेबी शकुंतला यांचा आहे. अक्षरओळख नसलेला, अपमान गिळून काशीला शिकायला जाणारा मुलगा त्यात आहे आणि तो भाग आजही ताजा वाटतो. मग मोठे रामशास्त्री येतात. समोर ललिता पवार यांची आनंदीबाई. ललिता पवारांच्या अभिनयात धार आहे, तोल कधी कधी जातो, पण नजर हटत नाही. अशा नटीसमोर उभं राहताना बहुतेक नट आवाज वाढवतात. जागीरदार तो खाली आणतात. भर दरबारात पेशव्यांच्या कुळातल्या माणसाला गुन्हेगार ठरवणारा न्यायाधीश गरजला तर शूर वाटेल, पण न्यायाधीश वाटणार नाही. त्याच्या शब्दामागे त्याचा राग दिसता कामा नये, शास्त्र दिसलं पाहिजे. हे त्या वेळच्या ऐतिहासिक चित्रपटांत दुर्मिळ होतं. तिथे सगळेच जण किल्ल्याच्या बुरुजावरून बोलल्यासारखे बोलत. तेव्हा जागीरदारांचं वय होतं सदतीस. या भूमिकेने त्यांची ओळख इतकी पक्की केली की पुढे ते कुठेही दिसले तरी जाणत्या मराठी प्रेक्षकाला आधी रामशास्त्री दिसायचे.

मला 'रामशास्त्री'पेक्षा मिर्झा मोठा वाटतो. रामशास्त्री हे ताठ उभे राहणारे पात्र आहे, त्याला प्रेक्षकाचा आदर आयताच मिळतो. मिर्झा चुकतो, रुसतो, हट्टाला पेटतो आणि तरी आपल्याला हवासा वाटत राहतो. हे अधिक अवघड काम आहे.

दिग्दर्शक म्हणूनही जागीरदारांनी बरंच काम केलं. आचार्य अत्र्यांच्या संस्थेसाठी 'पायाची दासी' त्यांनी १९४१ साली काढला, दुर्गा खोटे आणि वनमाला यांना घेऊन. तोही दोन भाषांत, हिंदीत 'चरणों की दासी'. पुढच्या वर्षी 'वसंतसेना'. १९४६ साली 'बैरम खान' आणि १९४७ साली 'जेल यात्रा', ज्यात राज कपूर आणि कामिनी कौशल होते. १९६१ साली मराठीत 'वैजयंता'. ही यादी मी घाईने उरकतो आहे, कारण दिग्दर्शक जागीरदार हा नीटनेटका, जबाबदार कारागीर होता. नट जागीरदार त्याच्यापेक्षा वरचा होता.

१९४० च्या दशकात स्टुडिओ ढासळले आणि त्याबरोबर जागीरदारांसारख्या नटाची जागाही हलली. ही गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण चरित्र अभिनेत्याचं आयुष्य तिच्यात सापडतं. प्रभातमध्ये नट पगारी नोकर होता. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळायचे आणि कंपनीला वाटेल ती भूमिका करायची. त्यामुळे कंपनी अशा कथा निवडू शकत होती ज्यांच्या केंद्रस्थानी देखणा तरुण नाही. 'कुंकू'चा कणा तरुण मुलीशी लग्न करणारा म्हातारा वकील आहे आणि तो दात्यांनी केला. 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस आहेत. जिजाई केली ती गौरी नावाच्या बाईने, जी स्टुडिओत झाडलोटीचं काम करायची. 'शेजारी'त तर दोन म्हाताऱ्यांवरच सगळा डोलारा आहे. आज अशी कथा घेऊन निर्मात्याकडे गेलात तर तो विचारेल, यात हिरो कोण?

युद्धकाळात काळा पैसा आला, नवे निर्माते आले, आणि त्यांनी नटांना पगारावर न ठेवता चित्रपटामागे रोकड दिली. रोकड ज्याच्या नावावर मिळेल तो मोठा झाला. हिंदी बाजार एकवटला, दोन भाषांत चित्रीकरण करण्याची गरज संपली, आणि मग तारुण्य, गाणी आणि नाव यांची किंमत इतकी वाढली की बाकीच्यांना कडेची जागा मिळाली. मराठी चित्रपट आपल्या छोट्या बाजारात परतला. ज्या दुहेरी पद्धतीने जागीरदारांना दार उघडून दिलं होतं ती पद्धतच बंद पडली. १९४१ साली जो नट चित्रपटाच्या मध्यभागी होता, तो १९६१ साली 'हम दोनो'मध्ये साधनाचा वडील आहे. नायिकेचा वडील ही हिंदी सिनेमाने चरित्र अभिनेत्यांसाठी काढलेली निवृत्तिवेतन योजना म्हटली पाहिजे.

तरी त्या कडेच्या जागेतही त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९६५ चा 'गाइड' घ्या. राजू गाइड तुरुंगातून सुटून एका देवळाच्या ओट्यावर झोपतो आणि गावाला तो साधू वाटू लागतो. या वाटण्याला सुरुवात होते ती भोला नावाच्या शेतकऱ्यापासून. तो भोला जागीरदारांचा. या साध्या माणसाच्या श्रद्धेवर प्रेक्षकाचा विश्वास बसला नाही, तर देव आनंदचा साधू हास्यास्पद होईल आणि चित्रपटाचा उत्तरार्ध कोसळेल. दिग्दर्शक विजय आनंद यांनी त्या जागी हलका नट ठेवला नाही, यात त्यांची जाण दिसते. त्याच चित्रपटात मार्कोची भूमिका करणारे किशोर साहू हेही नागपूर विद्यापीठाचे पदवीधर, म्हणजे त्याच जुन्या प्रांतात शिकलेले. खांडव्याचे अशोक कुमार आणि किशोर कुमार तर सर्वांना ठाऊक आहेतच. या प्रांताने हिंदी पडद्याला किती माणसं दिली याचा हिशेब कुणीतरी सवडीने मांडायला हवा. महाराष्ट्रात तो मांडला जात नाही, कारण प्रांत मोडला. मध्य प्रदेशातही मांडला जात नाही, त्याचं कारणही तेच.

भूमिका आटत चालल्या तेव्हा जागीरदारांकडे शिकवण्याचं काम आलं. प्रभात बंद पडल्यावर तिची पुण्यातली जागा सरकारने घेतली आणि तिथे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख गजानन जागीरदार. १९६१-६२ असा जेमतेम वर्षभराचा काळ, नंतर जगत मुरारी आले. ज्या मंचांवर मिर्झा आणि रामशास्त्री उभे राहिले होते त्याच मंचांवर नव्या मुलांना उभं करण्याची सुरुवात त्यांच्या हाताने झाली. नाटकमंडळीत नट घडायचा तो मोठ्या नटाचं पाहून आणि शिव्या खाऊन. अभिनयाचा वर्ग असतो, त्याला अभ्यासक्रम असतो, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटायची. ज्याने नाटकी पद्धतीतून बाहेर पडून कॅमेऱ्यासमोर आवाज खाली आणायला स्वतःहून शिकून घेतलं होतं, अशा माणसाकडे हे काम जावं हे योग्यच होतं.

मग १९८१ साली मुझफ्फर अली यांचा 'उमराव जान' आला. मिर्झा हादी रुसवा यांच्या उर्दू कादंबरीवर बेतलेला, लखनौच्या जुन्या तहजिबीचा चित्रपट. कोठ्यावर विकल्या गेलेल्या पोरीला शिकवणारा मौलवी त्यात आहे. ती भूमिका जागीरदारांनी केली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आता दाढी चिकटवण्यापुरतीच रंगभूषा उरली होती, वय खरं होतं. लखनवी बोलीच्या चित्रपटात अमरावतीत जन्मलेला मराठी माणूस मौलवी म्हणून बसतो आणि प्रेक्षकाला ते खटकत नाही, याची पूर्वतयारी चाळीस वर्षांपूर्वी 'पडोसी'च्या सेटवर झाली होती. चित्रपट रेखाचा आहे, गाण्यांचा आहे. मौलवी थोडाच वेळ दिसतो. पण त्या कोठ्यावर बुवा हुसैनी झालेल्या दीना पाठक आणि हा मौलवी यांच्यामुळेच त्या मुलीला घरासारखं काहीतरी मिळतं, आणि पुढे ती शायरा कशी झाली हे पटतं.

यानंतरही ते थांबले नाहीत. दूरदर्शनवर १९८० च्या दशकात रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या कादंबरीवरची मराठी मालिका आली, तिचं दिग्दर्शन जागीरदारांनी केलं. माधवराव पेशवे झाले रवींद्र मंकणी आणि रमाबाई झाली मृणाल देव नावाची शाळकरी वयाची नवी मुलगी, पुढच्या मृणाल कुलकर्णी. पेशवाईचा तोच काळ, ज्यात रामशास्त्री वावरले होते, जागीरदार या वेळी कॅमेऱ्याच्या मागून पाहत होते. ज्या घरांत तेव्हा दूरदर्शन संच होता त्या घरांनी 'स्वामी' रस्ते ओस पाडून पाहिली. त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं की हा दिग्दर्शक स्वतः कधी काळी रामशास्त्री होता, कोण जाणे. १३ ऑगस्ट १९८८ रोजी जागीरदार वारले.

कुणाला हे काम पाहायचं असेल तर माझी सूचना अशी. 'रामशास्त्री'पासून सुरुवात करू नका, तिथे आदर आड येतो. आधी 'पडोसी' पाहा, मग 'शेजारी', शक्य तर लागोपाठ दोन दिवसांत. दोन्हींतले बुद्धिबळाचे प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून बघा आणि एकदा तरी मिर्झाकडे न पाहता दाते आणि मझहर खान यांच्याकडे पाहा. समोरच्याचा डाव ऐकून जागीरदार आपली चाल कशी बदलतात ते तेव्हा कळतं. मराठी आणि हिंदी दोन्ही कानांवर वाढलेल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाला त्यासाठी तळाच्या अक्षरांची गरज पडणार नाही. ही सोय पुण्या-मुंबईच्या आणि लखनौच्या प्रेक्षकाला अर्धीच आहे.